उतरलेले थर मोजा

प्रति,
गोविंदा पथकांचे प्रशिक्षक, दहीहंडीचे आयोजक, समन्वय समितीचे पदाधिकारी आणि राज्याच्या क्रीडा खात्यातले अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी परळच्या चाळीत वाढलेला गोविंदा. सतराव्या वर्षी पहिल्यांदा थरात उभा राहिलो, पुढे नऊ वर्षं तिसऱ्या थरावर होतो आणि त्यानंतर चौदा वर्षं आमच्या पथकाला शिकवलं. गळ्यात शिट्टी अडकवली की प्रशिक्षक झालो, एवढीच त्या पदाची पात्रता होती. चौदा वर्षांत एकाही आयोजकाने, अधिकाऱ्याने किंवा पोरांच्या आईबापांनी मला विचारलं नाही की बाबा रे, हे तू शिकलास कुठे. मीही स्वतःला कधी विचारलं नाही. ज्या रात्री तो प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला, त्या रात्रीपासून सांगतो.

श्रावणातले सरावाचे शेवटचे दिवस होते. साडेदहा वाजून गेले होते. चाळीच्या चौकात सात थर लागले. एक्का, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावरचा एकटा गोविंदा, वर पोहोचला, त्याने हात उंचावला, गॅलऱ्यांतून शिट्ट्या आणि टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. एक्का उतरला, त्याच्या खालचे उतरले. मग चौथ्या थरावरचा पोरगा, वय एकोणीस, पाय सरकवत खाली येऊ लागला. ज्याच्या अंगावरून तो उतरत होता, त्याची पकड सुटली होती. त्याचा दोष नव्हता. टाळ्या पडल्या म्हणजे काम झालं, हेच त्याला इतकी वर्षं आम्ही शिकवलं होतं. पायाभोवतीचा घेराही, म्हणजे पडणाऱ्याला झेलायला उभी असलेली पोरंही, सैल झाली होती. कुणी घाम पुसत होतं, कुणी खिशातून मोबाइल काढला होता. पोरगा लादीवर मानेवर पडला. आम्ही चौघांनी त्याला हातापायांना धरून उचललं आणि टॅक्सीत घातलं. मान हलू द्यायची नसते, हे तिथल्या दीडशे माणसांत एकालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, आणि पथकाचा प्रशिक्षक मी होतो.

तो आज आहे. खांदे हलतात, बोटं मिटत नाहीत, कमरेखाली काही कळत नाही. आई भरवते. दर रविवारी मी त्याच्याकडे जातो. सुरुवातीला आम्ही दोघं गप्प बसायचो. आता बोलतो, आणि बहुतेक वेळा थरांबद्दलच बोलतो, कारण त्याला त्याचंच वेड आहे. या पत्रातल्या निम्म्या गोष्टी त्याच्याशी बोलताना सुचलेल्या आहेत.

आता एक हिशोब मांडतो. माणसाचा खांदा जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर धरला, तर चौथ्या थरावर उभ्या असलेल्याचे पाय तेरा-चौदा फुटांवर येतात. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षं वयाची मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न सरकारकडे सोपवला आणि वयाची अट चौदावर आली. या सगळ्या काळात आपण फुटांवर भांडलो. निषेधाच्या सभांना मीही गेलो होतो, घोषणाही दिल्या होत्या. आणि आमचा पोरगा ज्या उंचीवरून पडला, ती न्यायालयाच्या वीस फुटांच्या आतली होती. चारच थरांची परवानगी असती तरी तो तिथेच उभा असता.

उंचीचा धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. या पोरांचा अभिमान मला तुमच्याइतकाच आहे. पण फुटांचा वाद घालताना आपण सगळ्यांनी, न्यायालयात गेलेल्यांनीही आणि रस्त्यावर उतरलेल्यांनीही, फक्त वर जाणं मोजलं. खाली येणं कुणीच मोजलं नाही.

थरात उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चढताना वजन हळूहळू आणि सरळ येतं. प्रत्येक थर बसतो, पाय रुतवतो, हात गुंफतो, मग पुढचा चढतो. सगळं पथक त्या वेळी जागं असतं. उतरताना वरचा माणूस खालच्याच्या कंबरपट्ट्याला, खांद्याला लोंबकळत एका बाजूने येतो. भार तिरका पडतो. तोवर खालच्यांच्या मांड्या थरथरायला लागलेल्या असतात, घामाने आणि पाण्याने खांदे बुळबुळीत झालेले असतात. पहिल्या थरातल्यांना वरचं काही दिसत नाही, त्यांची डोकी आत असतात. वर कोण उतरलं, कोण उरलं, हे त्यांना फक्त खांद्यावरच्या वजनावरून आणि शिट्टीवरून कळतं. आणि नेमक्या त्याच क्षणी आयोजक काय करतात? एक्क्याने हात वर केला रे केला की डीजे दणाणतो, निवेदक माइकवर बक्षिसाचा आकडा ओरडतो, बाजूच्या टँकरमधून पाण्याचा फवारा सुटतो. शिट्टी ऐकू यायची कशी? मी स्वतः जीव खाऊन शिट्टी वाजवली आहे आणि ती माझी मलाच ऐकू आलेली नाही.

माणसांचे मनोरे रचणारे जगात आपण एकटे नाही. स्पेनमधल्या कातालोनियात हे दोनशे वर्षांहून जुनं आहे. २०१२ चा विक्रम आपण त्यांचाच १९८१ चा विक्रम मोडून केला, म्हणून त्यांचं नाव आपल्या पोरांना माहीत आहे. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांच्या मनोऱ्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्याकडे मनोऱ्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. वरच्या मुलाने हात उंचावला पण उतरताना मनोरा कोसळला, तर तो नुसता 'कार्रेगात', म्हणजे चढवलेला. सगळे जण शिस्तीत खाली आले, तरच तो 'देस्कार्रेगात', म्हणजे उतरवलेला. तिथल्या तारागोना शहरात होणाऱ्या मनोऱ्यांच्या स्पर्धेत या दोन्हींचे गुण वेगवेगळे असतात, आणि उतरवलेल्याला जास्त असतात. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे त्या दुसऱ्या गोष्टीला शब्दच नाही. आपण म्हणतो 'थर लागले'. आठ लागले, नऊ लागले. कोसळले तरी लागलेच म्हणतो, आणि बक्षीसही देतो.

त्यांच्याकडेही सगळं आधीपासून नीट नव्हतं. २००६ मध्ये तिथे बारा वर्षांची एक मुलगी मनोऱ्यावरून पडून दगावली. त्यानंतर वर चढणाऱ्या लहान मुलांच्या डोक्यावर खास बनवलेलं हेल्मेट आलं. परंपरा बुडेल म्हणून तिथेही लोक नाराज झालेच असणार. परंपरा बुडाली नाही.

दुसरं उदाहरण घरातलं आहे. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला शाळेत शिकते आणि चिअरलीडिंग करते. आयपीएलमुळे आपल्याला तो शब्द म्हणजे सीमारेषेवरचा नाच वाटतो. स्पर्धेतलं चिअरलीडिंग वेगळं आहे. त्यात मुली एकमेकींच्या खांद्यांवर आणि हातांवर उभ्या राहतात, एकीला हवेत उंच फेकून झेलतात, आणि हे सगळं अडीच मिनिटांत, तालावर. थरातल्या माणसाला बघताक्षणी ओळख पटावी असा हा खेळ आहे. तिथेही भीषण अपघात झाले. मुलींच्या शालेय आणि महाविद्यालयीन खेळांतल्या सगळ्यात गंभीर इजांमध्ये, मान मोडणं, मेंदूला मार लागणं यांत, चिअरलीडिंगचा वाटा वर्षानुवर्षं सर्वांत मोठा राहिला. २००६ मध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात मनोऱ्यावरून एक महाविद्यालयीन मुलगी डोक्यावर पडली आणि ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या सुमारास त्यांनी फेकून झेलण्याचा प्रकार कडक जमिनीवर करायला बंदी घातली. गादी नाही, तर फेकायचं नाही. पुढच्या वर्षांत त्या प्रकारातल्या गंभीर इजा स्पष्टपणे कमी झाल्या. २०१२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एक धोरण मांडलं. प्रशिक्षक प्रशिक्षित आणि प्रमाणित असावा, मनोरा दोन माणसांहून उंच नसावा, डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर मुलीला लगेच बाहेर काढावं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत घेऊ नये, सरावाच्या जागी अपघात झाल्यास काय करायचं हे आधी कागदावर असावं.

दोन माणसांची उंची आपल्याला चालणार नाही, आणि ती मी मागतही नाही. मला भाचीने सांगितलेली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. पहिले कितीतरी महिने तिला वर चढूच दिलं नव्हतं. ती मागे उभी राहायची. वरच्या मुलीवरची नजर काढायची नाही आणि ती कशीही पडली तरी डोकं आणि खांदे जमिनीला लागू द्यायचे नाहीत, एवढंच तिचं काम. 'मामा, आमच्यात मागचीला सगळ्यात जास्त मान असतो,' असं ती म्हणाली. आपल्या घेऱ्यातल्या पोराला काय मान असतो? ज्याला थरात जागा मिळाली नाही तो घेऱ्यात. त्याला शर्टही उरलासुरला मिळतो.

अमेरिकेत चिअरलीडिंग हा खेळ आहे की नाही यावर न्यायालयात भांडणं झाली. २०१० मध्ये एका विद्यापीठाच्या खटल्यात तो खेळ धरता येणार नाही असा निकाल लागला. डॉक्टरांना तो खेळ ठरायला हवा होता, कारण खेळ म्हटला की प्रशिक्षकाची पात्रता, सरावाच्या वेळेची मर्यादा, मैदानावर वैद्यकीय मदत, हे सगळं मागोमाग येतं. आपल्याला हा दर्जा मिळाला आहे. २०१५ मध्ये साहसी खेळ म्हणून, आणि २०२२ मध्ये विधानसभेत घोषणा होऊन. त्यासोबत नोकरीतल्या क्रीडा आरक्षणाचं बोलणं झालं, विमा आला. २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांना सरकारी विम्याचं कवच दिलं गेलं, मृत्यू झाल्यास दहा लाखांची तरतूद झाली. याबद्दल मी मनापासून आभार मानतो. आमच्या वेळी वर्गणी काढून औषधं आणावी लागत. पण विमा पडल्यानंतरचा असतो. पडण्याआधीच्या माणसाचं, म्हणजे प्रशिक्षकाचं, काय केलं?

क्रीडा खात्याला माझी पहिली विनंती हीच आहे. प्रत्येक पथकात निदान दोन माणसं अशी असू द्या, ज्यांनी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं आहे. फार मोठा अभ्यासक्रम लागणार नाही. मानेला मार लागलेल्याला जागेवरून न हलवता डोकं दोन्ही हातांत कसं स्थिर धरायचं, पाठीखाली फळी कशी सरकवायची, मेंदूला हादरा बसल्याची लक्षणं कोणती, थर डगमगायला लागला तर कोणत्या क्षणी उतरण्याचा निर्णय घ्यायचा, पडताना हात मागे न टेकता अंग कसं गोळा करायचं. शनिवार-रविवारात हे शिकवता येतं. सार्वजनिक रुग्णालयांतले अस्थिरोग विभागाचे डॉक्टर दरवर्षी दहीहंडीच्या एका रात्रीत आपली पोरं उचलतात, त्यांना बोलवा. ते आनंदाने येतील. ज्या पथकाकडे असे दोन प्रमाणित प्रशिक्षक नाहीत, त्याने पाचव्या थराला हात घालू नये, असा नियम करा. याने लहान पथकं बंद पडणार नाहीत, त्यांची दोन माणसं शिकून येतील.

दुसरी विनंती नोंदींची. दरवर्षी त्या रात्री जखमींचा आकडा येतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी एकट्या मुंबईत दोनशेहून अधिक गोविंदा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी तो आकडा वर्तमानपत्राच्या रद्दीत जातो. त्या दोनशे जणांतले किती जण कितव्या थरावरून पडले, चढताना की उतरताना, दिवसाच्या पहिल्या सलामीला, म्हणजे पहिल्या हंडीपाशी थर लावताना, की रात्री अकराव्या ठिकाणी, ओल्या रस्त्यावर की गादीवर, यातलं काहीही आपण लिहून ठेवत नाही. रुग्णालयात नाव लिहिताना पाच प्रश्न जास्त विचारले तर तीन वर्षांत आपल्याला कळेल की माणसं नेमकी कुठे पडतात. मी माझ्या अनुभवावरून उतरताना म्हणतो. माझं चुकतही असेल. नोंद असली तर मला माझं म्हणणं मागे घ्यायला लाज वाटणार नाही.

आणि सराव. दहीहंडीच्या दिवशी डॉक्टर असतो, रुग्णवाहिका असते, पोलीस असतात, कॅमेरे असतात. गुरुपौर्णिमेला नारळ फुटल्यापासून गोकुळाष्टमीपर्यंतच्या रात्री चाळीच्या चौकात, महापालिकेच्या शाळेच्या पटांगणात, उड्डाणपुलाखाली कोण असतं? २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका उपनगरात सरावाच्या वेळी अकरा वर्षांचा मुलगा पडून दगावला. सणाला अजून काही दिवस होते. विम्याची पहिली तारीख गुरुपौर्णिमेची धरा, आणि गादी, हेल्मेट, दोर यांचे नियम सरावालाही तितकेच लावा.

त्या मुलाच्या वयावर मला प्रशिक्षकांशी थेट बोलायचं आहे, कारण यात आपण सगळेच दोषी आहोत. एक्का हलका हवा म्हणून सहावी-सातवीतलं पोर आपण वर चढवतो. मी चढवलं आहे. त्याच्या आईला 'काकी, दोर लावतो, काळजी नको' म्हणून मीच समजावलं आहे. कायद्याने चौदाच्या आतलं मूल थरात चालत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बारा वर्षांच्या मुलाला 'नको' म्हणता येत नाही. सगळी वाडी बघत असताना तर नाहीच. एक्का जड झाला तर एक थर कमी लावू.

दोराबद्दलही एक सांगतो. क्रेनचा दोर फक्त सगळ्यात वरच्याला असतो. चौथ्या, पाचव्या थरावरच्यांना काही नसतं, आणि थर कोसळला की वरचे त्यांच्या अंगावर येतात आणि ते खालच्यांच्या अंगावर. त्यांचा दोर म्हणजे घेरा. म्हणून घेऱ्यात उरलीसुरली पोरं उभी करू नका, सगळ्यात जाणती उभी करा. तिथे मोबाइल नको. पहिल्या थराने मान खाली ठेवायची, घेऱ्याने मान वर ठेवायची, आणि शेवटच्या माणसाचे पाय जमिनीला लागेपर्यंत एकानेही नजर हलवायची नाही. सरावात तीन थरांवरून नीट उतरता आल्याशिवाय चौथा लावू नका. मी महिला पथकांचे सराव पाहिले आहेत. घरचं, नोकरीचं आटपून रात्री आठनंतर येणाऱ्या त्या बाया उतरण्याचा सराव आमच्यापेक्षा जास्त वेळ करत होत्या. आम्ही बाजूला उभे राहून त्यांना 'घाबरता काय' म्हणत होतो. त्याबद्दल मी इथे त्यांची माफी मागतो.

रात्री उशिरा पोरं म्हणतात, 'दादा, अजून एकदा.' तुम्हाला ते शब्द माहीत आहेत. आमचा पोरगा पडला ती त्या रात्रीची चौथी खेप होती. तीन वेळा नीट झालं होतं. चौथ्यांदा मी हो म्हणालो.

आयोजकांनो, तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे, कारण बक्षिसाची रक्कम तुम्ही ठरवता. पथक तुम्ही मोजाल तसं वागेल. म्हणून एवढंच करा: एक्क्याने हात वर केला की सलामी अर्धी झाली असं माना. शेवटचा थर मोकळा होऊन पहिल्या थरातल्यांनी डोकी वर काढली, की मग माइकवर आकडा सांगा. उतरताना कोसळलेल्या आठ थरांपेक्षा नीट उतरवलेल्या सात थरांना जास्त रक्कम द्या. पहिला थर उभा राहिल्यापासून तो मोकळा होईपर्यंत डीजे बंद आणि पाणी बंद. शिट्टी ऐकू आली पाहिजे. लोक कंटाळतील असं वाटत असेल तर एकदा करून बघा. पाच हजार माणसं श्वास रोखून उभी असतात तेव्हाची शांतता मी अनुभवलेली आहे, एकदा वीज गेली होती तेव्हा. त्या शांततेत खालच्या थरातल्याचा श्वास ऐकू येतो. आणि पथकांना चार-चार तास ट्रकमध्ये ताटकळत ठेवून रात्री अकराला बोलावू नका. सकाळी सातला घरून निघालेल्या, दिवसभर वडापाव आणि चहावर असलेल्या पोरांचे पाय त्या वेळी स्वतःचंच वजन पेलत नसतात. घड्याळ लावून वेगाच्या स्पर्धा भरवत असाल तर घड्याळ उतरून झाल्यावर थांबवा.

कुणी म्हणेल, हा सण आहे, याला इतकं मोजमाप लावू नका. लहानपणी आमच्या चाळीत हंडी तीन थरांवर असायची, तिला बक्षीस नव्हतं, फोडल्यावर सगळे दही-पोहे खायचे. त्या हंडीला नियम लागत नव्हते. लाखांची बक्षिसं, जाहिरातींचे फलक, टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण आणि लीग हे सगळं आपण आणलं. मोजमाप तेव्हाच लागलं, फक्त ते एकाच दिशेने लागलं.

यंदाच्या गुरुपौर्णिमेपासून कुठल्याही पथकाला हवं असेल, तर रात्री आठनंतर कुठेही यायला मी तयार आहे. पैसे नकोत. मान कशी धरायची आणि तीन थरांवरून कसं उतरायचं, एवढं दाखवीन. मी शिकलो आहे आता, उशिरा का होईना, एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून, आमच्या त्या पडलेल्या पोराच्याच खाटेशेजारी उभं राहून. परवा रविवारी हे पत्र त्याला वाचून दाखवलं. घेऱ्याबद्दलचं त्याने दोनदा वाचायला लावलं. तोही येतो म्हणाला. तेव्हा बोलावलंत तर जिना चढावा लागणार नाही अशी जागा बघा.

आपला,
परळचा एक माजी गोविंदा